मालक माझ्याशी चांगले आहेत, पण बायकांचा पीएफ कुठाय?

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून)

माझं वय 43. कुपवाडच्या एमआयडीसीत बेदाणा निवडण्याचं आणि साठवणुकीचं एक युनिट आहे, तिथं अकरा वर्षं हिशेब लिहितो. सगळे मला दिवाणजी म्हणतात. कामाला साधारण 45 माणसं, त्यात तीसेक बायका. पक्क्या मस्टरवर नावं फक्त 22. बाकीच्या ठेकेदाराच्या म्हणून दाखवल्यात आणि तो ठेकेदार म्हणजे मालकांचे मेहुणे. पक्क्या नावांच्या पगारातून दर महिन्याला पीएफ कापतो, पण गेल्या दिवाळीपासून तो भरलेला नाही. मालक म्हणतात, सीझन उठला की भरू. मागच्या महिन्यात ठेकेदाराकडच्या एका बाईची दोन बोटं बेल्टमध्ये सापडून चेचली. मालकांनी दवाखान्याचं बिल दिलं, दोन हजार हातावर ठेवले आणि मला सांगितलं, "तिचा कालपासून खाडा मांडा." मी मांडला.

मालक माझ्याशी कधीही वाईट वागलेले नाहीत. वडिलांची मिरजेत अँजिओप्लास्टी झाली तेव्हा निम्मे पैसे त्यांनी न मागता दिले. आता तक्रार केली तर गद्दारी, गप्प बसलो तर पाप, नोकरी सोडली तर घराचा हप्ता. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. मी बोललो आणि युनिट बंद पडलं तर त्या बायकांचीच चूल विझेल, असंही वाटतं. काय करू?

उत्तर

दिवाणजी,

तुमच्या पत्रातले दोन शब्द माझ्या मनातून जात नाहीत. "मी मांडला." बाकी सगळं मालक करतात. पीएफ ते भरत नाहीत, ठेकेदार त्यांनी उभा केला, दोन हजार त्यांनी दिले. या दोन शब्दांत मात्र तुम्ही आहात, तुमचं अक्षर आहे. तुमची झोप इथंच अडली असावी. म्हणून मालकांचं काय करायचं हा प्रश्न थोडा मागे ठेवू आणि आधी त्या बाईंकडे जाऊ, कारण वेळ त्यांची जातेय.

बोटं चेचून महिना झाला. अशा प्रकरणात पहिली गोष्ट हरवते ती कागद. त्यांच्या घरी कुणीतरी जायला हवं, शक्यतो तुमच्याबरोबर मुकादमीण असावी. दवाखान्याचा केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत नीट ठेवायला सांगा. केसपेपरवर डॉक्टरांनी इजा कशी झाली हे लिहिलेलं असतं. "मशीनमध्ये हात सापडून" असं तारखेसह लिहिलं असेल, तर तुमच्या मस्टरवरचा खाडा त्यापुढे फार काळ टिकणार नाही. ही गोष्ट मालकांनाही कळायला हवी, त्याकडे पुढे येतो.

आता त्यांचा हक्क. दहा किंवा जास्त माणसं आणि महिन्याची मजुरी 21,000 रुपयांच्या आत, म्हणजे हा मामला राज्य कामगार विमा योजनेचा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. आजारपणाच्या लाभासाठी किती हप्ते भरले हे बघतात. कामावर झालेल्या इजेला ती अट नाही. किमान तीन दिवस काम करता आलं नाही, तर बरं होईपर्यंत सरासरी मजुरीच्या साधारण 90 टक्के रक्कम मिळते. बोटाचं पेर गेलं असेल किंवा बोट कायमचं वाकत नसेल, तर त्याची भरपाई वेगळी. मालकाने नाव नोंदवलं नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. विमा महामंडळ तिला लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकतं. ठेकेदारामार्फत आलेली बाई असली तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. एखाद्या कारणाने ईएसआय लागू नसेलच, तर अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा आहे आणि तो दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, असं त्या म्हणतील. सांगलीत जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथं महिलांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या कायद्यातच तसं लिहिलंय. हे फार कमी बायकांना माहीत असतं, म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ओळखीत सांगावं अशी माझी विनंती आहे.

हे सगळं त्या बाईंना सांगणं म्हणजे मालकांविरुद्ध काही करणं नव्हे. तुम्ही त्यांना त्यांच्याच हक्काची माहिती देताय. पुढे दावा करायचा की नाही ते त्या ठरवतील.

आता मिठाची गोष्ट.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्ही उपकार विसरणारे नाही, आणि ते मला मोलाचं वाटतं. आपल्याकडे अडचणीत न मागता पैसे देणारा माणूस जन्मभर लक्षात राहतो आणि राहायलाच हवा. तरी एक विचारतो. वडिलांच्या ऑपरेशनचा उपकार कुणावर झाला? तुमच्यावर. मग त्याची परतफेड बेल्टवर उभ्या असलेल्या बायकांनी का करायची? आज तसंच चाललंय. तुम्ही गप्प राहून उपकार फेडताय, आणि किंमत त्यांच्या पगारातून जातेय.

मालकांनी तुम्हाला दिलेले पैसे त्यांचे होते. द्यायचे की नाही हा त्यांचा मोठेपणा. पीएफचा कापलेला 12 टक्के वाटा मात्र त्यांचा नाहीच. कापला त्या क्षणापासून तो त्या 22 जणांचा पैसा आहे आणि पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, मालकाच्या वाट्यासह, तो भरला गेला पाहिजे. भरला नाही तर कायदा त्याला उशीर म्हणून सोडून देत नाही. कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो आणि त्याला कैदेची तरतूद आहे. सीझन उठेपर्यंत वापरायला मिळालेलं ते बिनव्याजी भांडवल आहे, आणि ते देणाऱ्यांना कुणी विचारलेलंही नाही.

मालक मुद्दाम लुबाडतात असं मी म्हणत नाही. बेदाण्याचा धंदा मला थोडाफार माहीत आहे. सौद्यात माल घेतला की शेतकऱ्याला पैसे ठरल्या मुदतीत द्यावे लागतात, पण पुढे दिल्ली-राजस्थानकडे गेलेल्या मालाचं पेमेंट कधी येईल सांगता येत नाही. दर पडला की कोल्ड स्टोरेजमध्ये बॉक्स पडून राहतात आणि बँकेचं व्याज चढत राहतं. अशा वेळी जो सगळ्यात कमी ओरडतो त्याचं देणं मागे पडतं. शेतकरी ओरडतो, बँक नोटीस काढते, वीजवाले कनेक्शन तोडतात. बेल्टवरची बाई काहीच करत नाही. मालकांची अडचण खरी असेल. तिचा बोजा कुणावर टाकायचा हे मात्र त्यांनी निवडलंय.

त्या उपकाराचं मला एक सुचतं. मालकांना सांगा की वडिलांच्या वेळी दिलेली रक्कम उचल म्हणून लिहा आणि माझ्या पगारातून महिन्याला जमेल तेवढी कापून घ्या. ते कदाचित नको म्हणतील. तरी तुम्ही आग्रह धरा. तो हिशेब तुमच्या दोघांमध्ये सरळ झाला की बोलताना तुमची मान खाली जाणार नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, की तुम्ही बोललात तर बायकांची चूल विझेल. ही भीती खोटी नाही. युनिटं बंद पडतात, सावळी-बामणोलीहून येणारा टेम्पो दुसऱ्या शेडकडे वळतो, बोलणारीला दुसऱ्या दिवशी "काम नाही" असं सांगितलं जातं. पण तुम्ही हे त्यांना विचारलंय का? तुमच्या पत्रात त्या तीस जणींचा उल्लेख आहे, पण त्यांच्यातल्या एकीचंही म्हणणं नाही. मालकांनी त्यांच्या वतीने ठरवलं की पीएफ नंतर भरला तरी चालेल. तुम्ही त्यांच्या वतीने ठरवताय की गप्प बसणंच त्यांच्या भल्याचं. तुमचा हेतू चांगला आहे, पण दोन्हीकडे विचारायचं मात्र राहूनच गेलंय.

मी अशा शेडमध्ये गेलेलो आहे. बेल्टच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात, डोक्याला कापड बांधलेलं, बोटं बेदाण्याच्या साखरेने चिकट झालेली. माल समोरून सरकत असतो आणि नजर न उचलता देठ, काडी, काळा पडलेला मणी टिपून बाजूला टाकला जातो. त्यातली एक मला म्हणाली, "आमचा हात थांबला की बॉक्स थांबला." त्यांना आपली किंमत कळते. हिशेबही कळतो. भिशी चालवणारी, बचत गटाचं व्याज तोंडपाठ असणारी बाई पीएफ समजू शकत नाही, असं समजू नका. काही जणी म्हणतील, पीएफ नको, रोख द्या. काही म्हणतील, आत्ता नको, दिवाळीनंतर बघू. एखादी म्हणेल, उद्याच चला. ही मतं ऐकल्याशिवाय तुम्ही कुठलाही निर्णय घेतलात तरी तो अर्धवटच राहील.

विचारायचं कसं? सभा घेऊ नका. मुकादमिणीला किंवा जिचा शब्द बाकीच्या मानतात तिला गाठा. तिचं नाव पक्क्या मस्टरवर असेल तर तिचा यूएएन नंबर, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, घेऊन तिच्याच फोनवर उमंग या सरकारी अ‍ॅपमध्ये पीएफचं पासबुक उघडून दाखवा. दिवाळीनंतरच्या नोंदी तिथं दिसणारच नाहीत. यात तुम्ही ऑफिसचं कुठलंही गुपित फोडलेलं नाही. तिचं खातं तिनं पाहिलं, एवढंच. पुढचं ती बाकीच्यांना सांगेल आणि तुमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत सांगेल. अशा बाबतीत 22 जणांनी आपापलं पासबुक पाहून केलेली मागणी आणि एका दिवाणजीने केलेली तक्रार यांत फार फरक पडतो.

आपल्या भागाला हे नवं नाही. पाटण तालुक्यातून मुंबईला जाऊन माथाडीचं काम करणाऱ्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र आणलं आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. माथाडी मंडळाकडे नोंद असलेल्या हमालाच्या मजुरीवर आज मालकाला वर लेव्ही भरावी लागते, त्यातून त्याचा पीएफ आणि बाकीचे लाभ चालतात. तोच बेदाण्याचा बॉक्स भरेपर्यंत ज्या हातांतून जातो, त्या हातांची मात्र मस्टरवर नोंदसुद्धा नसते. मला याची मनापासून चीड येते.

आता तुमच्या स्वतःच्या हाताबद्दल. यापुढे खोटी नोंद लिहू नका. तक्रार करायची की नाही, नोकरी सोडायची की नाही, यावर तुम्ही महिना-दोन महिने विचार करू शकता. या एका गोष्टीला मात्र थांबायचं कारण नाही. "मालकांनी सांगितलं म्हणून लिहिलं" हे चौकशीत पुरेसं ठरेलच असं नाही. सही आणि अक्षर ज्याचं, त्याला आधी विचारतात. तुम्ही मालकांना वाचवायला गप्प बसाल आणि प्रकरण निघालं तर पहिलं नाव तुमचं येईल, हे मला तुम्हाला स्पष्ट सांगायलाच हवं.

झालेली खाड्याची नोंद गुपचूप खोडू नका. त्याने आणखी घोळ होईल. त्या दिवशी काय झालं, किती वाजता, कुणी काय सांगितलं, कोण हजर होतं, हे आजच्या तारखेने स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, आठवण ताजी आहे तोवर. मालकांचे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले निरोप असतील तर जपून ठेवा. पण ऑफिसची मूळ रजिस्टरं घरी नेऊ नका आणि बायकांच्या आधारकार्डांचे फोटो कुणाला पाठवू नका. ग्रुपवर किंवा फेसबुकवर काहीही टाकू नका. तसं केलं की दुसऱ्या दिवशी चर्चा पीएफची राहत नाही, तुमची होते.

मग मालकांशी बोला. तुम्ही गद्दारी म्हणताय ती कधी झाली असती? त्यांना न सांगता थेट पाठीत वार केला असता तर. अकरा वर्षांच्या माणसाने समोर बसून खरं सांगणं ही मला त्यांची सेवाच वाटते. वेळ नीट निवडा. सौद्याचा दिवस नको, मेहुणे समोर असताना तर नकोच. संध्याकाळी शेड उठल्यावर जा आणि बरोबर कागदावर आकडे न्या. महिन्याला किती कापले, किती महिने झाले, त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज किती, वर दंड लागणार तो वेगळा. व्यापारी माणसाला भाषणापेक्षा आकडा लवकर कळतो. त्यांना हेही दाखवा की पीएफसाठी ठेकेदाराची माणसंही मोजणीत धरली जातात, म्हणजे मेहुण्यांचं नाव पुढे करून सुटका होत नाही. आणि त्या केसपेपरची गोष्ट सांगा. अपघाताची नोंद आज खरी केली तर विमा महामंडळ खर्च उचलू शकतं, उद्या दुसऱ्या कुणी उघडकीला आणली तर सगळं त्यांच्या अंगावर येईल.

शब्द कसे वापरायचे, याची अडचण असेल तर असं काहीतरी म्हणा: "मालक, तुमचे उपकार मी विसरलेलो नाही, म्हणूनच आधी तुमच्याकडे आलोय. या महिन्यापासून कापलेला पीएफ भरू. मागचा कसा भरायचा त्याच्या तारखा ठरवू. त्या बाईंची नोंद खरी करू. आणि यापुढे खोटं मस्टर मला लिहायला सांगू नका, माझ्याच्यानं होणार नाही." एवढंच बोला आणि थांबा. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागेल. ते रागावतील, कदाचित तुमच्या वडिलांचा विषय काढतील. काढला तर उचलीची गोष्ट तिथंच पुढे ठेवा.

बोलून झाल्यावर वाट किती बघायची? पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. ती तारीख गेली आणि पासबुकात काही आलं नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं. मग ज्यांचे पैसे आहेत त्यांनी तक्रार करायची. पीएफची तक्रार ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, तक्रार पोर्टलवर घरबसल्या करता येते, आणि मजुरीची, मस्टरची सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. किमान वेतनापेक्षा कमी मिळत असेल तर तेही तिथंच. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी वेतन संहिता लागू झालीय आणि तिच्यात असा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. नियुक्तिपत्र देणंही आता बंधनकारक आहे, ते ठेकेदाराकडच्या बायकांनी मागावं.

तुम्ही स्वतः तक्रार करायची ठरवलीत, तर नाव गुप्त ठेवावं अशी विनंती अर्जात लिहा. पण त्यावर फार विसंबू नका. 45 माणसांच्या युनिटमध्ये पीएफचे आकडे माहीत असणारा एकच माणूस असतो. तुमच्या नावाशिवाय तक्रार गेली तरी ती कुणी केली हे मालकांना पहिल्या दिवशी कळेल. हे धरूनच पाऊल टाका.

नोकरी सोडण्याबद्दल माझं मत ऐका. आज रागाने सोडू नका. तुम्ही गेलात तर तुमच्या जागी येणारा पहिल्या दिवसापासून खोटं मस्टर लिहील आणि त्या बाईंचा अपघात जाणणारा ऑफिसमधला एकमेव माणूस बाहेर पडेल. पण शोध मात्र आजपासून सुरू करा. सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यात टॅली आणि जीएसटी येणाऱ्या विश्वासू माणसाला काम मिळतं. दुसरीकडे जागा आहे हे माहीत असलं की मालकांसमोर तुमचा आवाजही वेगळा निघेल. घराचे काही हप्ते बाजूला पडतील इतकी जमवाजमव करा. आणि बोलल्यानंतरही मालकांनी तुम्हाला खोटं लिहायलाच लावलं, तर मग राहू नका. त्या वेळी तुमचा राहण्याचा उपयोग कुणालाच नाही.

असं पत्र तुम्ही एकट्यानेच लिहिलेलं नाही. शिक्षकांची पूर्ण पगारावर सही घेऊन निम्मा रोख परत घेतला जातो हे रोज बघणारा शाळेचा क्लार्क लिहितो. नर्सला सलग दोन पाळ्या लावल्या जातात हे जाणणारी खासगी दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट लिहिते. या सगळ्यांना स्वतःला काही त्रास नसतो, उलट मालकाचा त्यांच्यावर जीव असतो, म्हणूनच पेच असतो. त्यांनीही आधी एवढंच बघावं की यात आपल्या हातून काय लिहिलं जातंय, आणि ज्यांचं नुकसान होतंय त्यांच्याशी आपण शेवटचं कधी बोललो.

राहता राहिल्या तुमच्या बायको. त्यांना आज रात्रीच सांगा, मालकांकडे जायच्या आधी. घराचा हप्ता दोघांचा आहे, तर त्यातला धोकाही त्यांना माहीत असायला हवा. त्या घाबरतील, कदाचित म्हणतील की आपल्याला काय करायचंय. तेव्हा त्यांना पीएफ वगैरे सांगत बसू नका, त्या बाईंच्या बोटांचं सांगा, आणि शक्य झालं तर त्यांच्या घरी जाताना त्यांनाही बरोबर घेऊन जा. मुकादमीण आणि तुम्ही बोलायला जाल त्यापेक्षा तिघं गेलात तर त्या बाई मोकळेपणाने बोलतील.

पुढे काय झालं ते जरूर कळवा.